न सांगता गेलेली लेक

नमस्कार श्रोतेहो.

सेलू-मानवतकडचं एखादं घर डोळ्यांपुढं आणा. तिथं पोरीवर हात कुणी उचलत नाही. ती नोकरीचं नाव काढते, तेव्हा वडिलांच्या छातीत दुखतं. स्थळाला नाही म्हणते, तेव्हा आई जेवणाचं ताट सारते. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये तिच्याच खात्यात येतात, पण पासबुक अन् एटीएम भावाच्या खिशात. वर सगळे म्हणणार, तुझ्या भल्यासाठीच तर करतोय!

ही पंचविशीतली लेक एका सकाळी ‘परभणीला फॉर्म भरून येते’ म्हणून निघते. पिशवीत आधार कार्ड अन् दहावीची सनद. २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढ्या पैशांत ती लांब जाते.

गाव विचारतं, सांगून का गेली नाही? सांगितलं असतं, तर त्याच रात्री वडील दवाखान्यात असते आणि ती त्यांच्या उशाशी. खोटं बोलली, हे खरंय. पण तो दोष मी तरी तिच्या एकटीच्या पदरात घालणार नाही.

तरी हिशेब एवढ्यावर मिटत नाही. उद्यापासून बोलणी आई खाणार, ‘तुझंच वळण!’ बारावीतल्या धाकटीचं कॉलेज सुटणार, मोबाइल जाणार. अन् वडिलांचं दुखणं निव्वळ सोंगच असेल असंही नाही. माणूस दुखण्याचा धाक घालतो आणि त्याला खरंच दुखतही असतं. यातलं काही लेकीच्या मनात नव्हतं, पण घडलं तिच्या जाण्यानं.

म्हणून मला वाटतं, पत्ता सांगायला ती बांधलेली नाही. जिवंत आहे एवढं मात्र तिनं कळवावं. विहिरी धुंडाळत फिरणाऱ्यांचा जीव तरी भांड्यात पडेल. घरचे मिसिंगची तक्रार देतातच. सज्ञान मुलीनं जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ‘माझ्या मर्जीनं गेले’ असा जबाब द्यावा, पत्ता घरी कळवू नका असंही लिहून द्यावं.

राहिली आई. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काही फक्त सुनांसाठी नाही. आई, बहीण, लेक, सगळ्यांना तो लागू आहे. शाब्दिक, मानसिक, आर्थिक छळही त्यात येतो. घरात राहूनच संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, अन् अर्ज केला म्हणून तिला कुणी घराबाहेर काढू शकत नाही. महिला हेल्पलाइनचा १८१ हा नंबर धाकटीलाही पाठ असू द्या. बोलणं झालं की कॉलची नोंद तेवढी पुसायची.