जुन्या बसचे पुढचे ब्रेक

घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचललेली ही फोक्सवॅगन टाइप २ १९६९ सालची आहे. हॅनोव्हरच्या कारखान्यात ती तयार झाली आणि वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कारखान्यात बिछाना, कपाटे आणि बेसिन बसवून तिचे फिरते घर करण्यात आले. अशा गाड्या आजही आल्प्सच्या रस्त्यांवर चालल्या पाहिजेत, असे आम्हाला मनापासून वाटते, आणि त्यासाठी सर्वांत आधी तपासायला हवे ते या चाकामागे काय आहे. इथे तिचे पुढचे ड्रम ब्रेक काढून चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारे डिस्क ब्रेक बसवले जात आहेत.

इथे दिसतो तो ड्रम ब्रेक. ब्रेकच्या पायपट्टीवर पाय दिला की ब्रेक ऑइलचा दाब चाकातल्या दोन व्हील सिलिंडरांत जातो आणि अर्धवर्तुळाकार ब्रेक शू ड्रमच्या आतल्या बाजूला घासू लागतात. दोन्ही शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रमकडे आणखी ओढले जातात, म्हणून पुढे जाताना हा ब्रेक चांगला पकडतो. उणीव उष्णतेत आहे. तापलेला ड्रम प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पायपट्टी खोल जाते. त्याच वेळी लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) पकडही कमी होते, आणि ड्रम बंदिस्त असल्यामुळे आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही.

ही उष्णता किती असते, याचा हिशेब ऑस्ट्रियातील ग्रोसग्लोकनर मार्गावर मांडता येतो. १९३५ मध्ये खुला झालेला हा रस्ता होखटोर येथे २५०४ मीटरपर्यंत चढतो आणि दक्षिणेला हायलिगेनब्लुटपर्यंत सुमारे १२०० मीटर खाली उतरतो. सामानासह २२०० किलोची गाडी एवढे उतरते तेव्हा जी ऊर्जा रिचवावी लागते, ती ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून सुमारे ४८ वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. खालच्या गिअरमध्ये इंजिन यातला मोठा वाटा उचलते आणि उरलेला वाटा ब्रेकवर येतो. घाट उतरणाऱ्या कोणत्याही चालकाला हे वेगळे सांगायला नको.

फोक्सवॅगनने ऑगस्ट १९७० पासून, म्हणजे १९७१ च्या मॉडेलपासून, याच गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिले. म्हणून इथे जे बसवले जात आहे ते त्याच घराण्यातले, जेमतेम एक-दोन वर्षांनी धाकटे आहे. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या ऐतिहासिक नोंदणीतही, गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत प्रचलित असलेले बदल सामान्यतः मान्य होतात. जुन्याशी प्रामाणिक राहून सुरक्षित होण्याचा याहून सरळ मार्ग आम्हाला दिसत नाही.

आता डाव्या हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे, पाहू. मधल्या टोपीतून बाहेर आलेले चौकोनी टोक स्पीडोमीटरच्या केबलचे आहे. या गाडीत वेग थेट पुढच्या डाव्या चाकावरून मोजला जातो, त्यामुळे टोपी उपसण्याआधी छोटी पिन काढावी लागते. ती विसरली तर केबल तुटते. त्यानंतर जुना नकल (चाक वळवणारा सांधा) स्टब अ‍ॅक्सलसह, म्हणजे ज्यावर चाक फिरते त्या आखूड दांड्यासह, उतरतो आणि त्याच जागी डिस्कचा नकल येतो. बेअरिंगमध्ये ग्रीस हाताने दाबून भरले जात आहे. नट किती घट्ट हवा, हे मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरने ठरवतात: नटामागचा वॉशर टोकाने ढकलल्यावर जेमतेम सरकला पाहिजे. मोकळा फिरला तर चाक डुलते, अजिबात हलला नाही तर बेअरिंग तापते. ते नट किंचित मागे घेतात, पुन्हा टोक लावून पाहतात आणि मगच नटाचा अडकवणारा स्क्रू आवळतात.

कॅलिपरमधले, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागातले, पिस्टन मोठे असल्याने त्यांना जास्त ऑइल लागते, म्हणून पायपट्टीकडून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही बदलला आहे. डिस्कचे पॅड ड्रमच्या शूप्रमाणे स्वतःहून ओढले जात नाहीत, त्यामुळे पायाने जास्त जोर लावावा लागतो आणि इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाला मदत करणाऱ्या बूस्टरची गरज पडते. इंजिन मागे असल्याने बूस्टरची व्हॅक्यूमची नळी गाडीच्या संपूर्ण लांबीतून पुढे आणावी लागते. १९७१ च्या मॉडेलमध्ये चाकाच्या बोल्टांचे वर्तुळही २०५ मिलिमीटरवरून ११२ वर आले. पुढे एक आणि मागे दुसरे असे ठेवले तर एकच स्टेपनी चारही चाकांना चालणार नाही, म्हणून मागचे ड्रमही जोडभागांसह नव्या मापाचे घेतले आहेत. खर्च यामुळेच वाढतो.

शेवटी पाइपांतली हवा काढली जाते. एक जण पायपट्टी दाबून धरतो, दुसरा कॅलिपरचा निपल (हवा सोडण्याचा स्क्रू) उघडतो, आणि पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालू राहते.

अधिकृत तपासणीत रोलरवर चाके फिरवून पाहिले तेव्हा दोन्ही बाजूंच्या ब्रेकचा जोर समान भरला आणि बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत झाली. पहिले काही शे किलोमीटर पॅड डिस्कवर बसेपर्यंत ब्रेक हलक्या हाताने वापरायचा आहे, घाट त्यानंतर.