होडीच्या ट्रेलरवर मोटारसायकली

(दृश्य: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पूल बंदर. ओहोटी. चिखलात कलंडलेल्या होड्या.)

लाल शिडाची, बोथट नाकाची ही होडी म्हणजे मिरर. १९६३ साली डेली मिरर या वर्तमानपत्राने ती सुट्या भागांत विकायला काढली. आरेखन दोघांचं: जॅक होल्ट आणि टीव्हीवरून घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी चिकटवायची, झाली होडी. वजन फक्त ४५.५ किलो. दोघं सहज उचलतात.

हिचा ट्रेलरही तसाच शिडशिडीत. मधोमध एक दांडा, दोन आडव्या पट्ट्या, पुढे विंच (दोरी गुंडाळून होडी ओढणारी चरखी), खाली इवलीशी चाकं. उन्हाळ्यात होडी वाहून झाली की वर्षभर अंगणात पडून. शेजारी दोन जुन्या १२५ सीसी मोटारसायकली ताडपत्रीखाली. आपल्याकडे मोटारसायकली वाहायचं काम एखादा छोटा हत्ती करतो. इथे ट्रेलरलाच दुसरी नोकरी लावायची ठरली.

(दृश्य: गॅरेज. ट्रेलरवर आडवे ठेवलेले लोखंडी चॅनेल, म्हणजे मोटारसायकलची चाकं बसतील अशा पन्हळी.)

पहिला मोह वेल्डिंगचा. तो आवरावा. ट्रेलरवर जस्ताचा मुलामा आहे. जाळला तर त्या जागी गंज धरतो, आणि जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. म्हणून दोन्ही चॅनेल यू-बोल्टने आवळले. भोकंही पाडली नाहीत. नट सोडले की होडीची जागा पुन्हा मोकळी.

मग वजनकाटा. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलंय, सगळं मिळून ३५० किलो. ट्रेलर स्वतः ९०. चॅनेल आणि चढवायची फळी मिळून ४५. मोटारसायकली प्रत्येकी ११०. बेरीज ३५५. पाच किलोंनी गणित फसलं! शेवटी १२ किलोची फळी मोटारीच्या डिकीत गेली, तेव्हा काटा ३४३ वर आला. इथे ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलोपर्यंत चालतो, पण कायद्याची मर्यादा आपल्या छोट्या चाकांना काय माहीत?

(दृश्य: टो-बारच्या, म्हणजे मोटारीमागे ट्रेलर अडकवायच्या दांड्याच्या उंचीची काठी, तिच्याखाली न्हाणीघरातला वजनकाटा.)

खरी गोम मात्र पुढेच आहे. होडी झोपून प्रवास करते, मोटारसायकल उभ्याने. होडीचा भार लांबवर पसरलेला असतो. मोटारसायकलचा सगळा भार दोन टायरांच्या टेकूवर, आणि इंजिन वर. त्यात भार मागे गेला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, आणि मोटारही सोबत हलते. म्हणून एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार पुढच्या जोडावर हवा, म्हणजे इथे १७ ते २४ किलो. पहिल्यांदा मोजला तर ६! दोन्ही गाड्या १५ सेंटिमीटर पुढे सरकवल्या, काटा २० वर आला. एवढ्याशा सरकण्याने.

शेजारी-शेजारी उभ्या केल्या तर हँडलं एकमेकांत अडकतात. एक गाडी उलट्या तोंडाने चढवली, प्रश्न मिटला. चढवताना होडीचाच विंच कामी आला, हे सुख वेगळंच.

आता पट्टे. प्रत्येक गाडीला चार. हँडलच्या टोकाला बांधायचे नाहीत, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या) खालच्या जोडाला. साइड स्टँड वर. पुढचे शॉकअप अर्धे दबतील इतकंच आवळायचं. पुरते दाबले तर ऑइल सील फुटतं. सैल सोडले तर खड्ड्यात शॉकअप दबतो, पट्टा ढिला पडतो, हूक निसटतो. मधली जागा हाताला सवयीनेच कळते.

एक गंमत राहिलीच. मागच्या दिव्यांची पाटी आजवर होडीच्या पाठीवर लटकायची. होडीच नाही, तर लटकवायची कुठे? चॅनेलच्या टोकांना आडवी फळी बांधली, तिच्यावर दिवे आणि मोटारीचाच नंबर. तो लावावाच लागतो. ट्रेलर जोडल्यावर मोटरवेवर कमाल वेग ताशी ६० मैल.

(दृश्य: रस्त्याकडेची मोकळी जागा. मोटार थांबते.)

दहा किलोमीटरवर थांबून पट्टे तपासायचे, हा नियम. उलट्या तोंडाच्या गाडीचा डावा पट्टा. रॅचेट (पट्टा आवळायचा दातेरी खटका) ओढलं, तीन खटके आत गेलं. होडीच्या दोरीला आजवर एकदाही हात लावावा लागला नव्हता.