पंप तोच, नोझल फिरवलं

आवाज मागपर्यंत येऊन राहिला ना? बरं. मघाशी एका दादानं विचारलं की नऊ डीबीचा अँटेना लावला तर माझा पाच वॅटचा वायरलेस सेट किती वॅटचा होईल, तिथूनच सुरू करतो, कारण सगळ्यात मोठी गडबड तिथंच आहे.

सेट पाच वॅटचाच राहते. अँटेना स्वतःहून थेंबभर पॉवर बनवत नाही. आपण कपाशीवर फवारणी करतो, पाठीवरचा पंप तोच, औषध तेवढंच, पण नोझल फिरवलं की कधी फवारा जवळच पसरते अन् कधी बारीक धार होऊन दूर तुरीच्या ओळीपर्यंत जाते, फक्त मग आजूबाजूची झाडं कोरडी राहतात. गेन म्हणजे हेच, इकडचं काढून तिकडं देणं.

मोजायचं कशाच्या तुलनेत? वर-खाली, चहूकडे अगदी सारखं फेकणारा एक काल्पनिक अँटेना धरतात, आयसोट्रॉपिक, तसा प्रत्यक्षात बनत नाही. त्याच्या तुलनेतला आकडा डीबीआय. साधा डायपोल, म्हणजे दोन सरळ दांड्यांचा अँटेना, 2.15 डीबीआय असते, अन् डायपोललाच शून्य धरून मोजलं तर डीबीडी. म्हणून खोक्यावर नुसतं डीबी छापलं असेल तर दुकानात विचाराच, कशाच्या तुलनेत बाप्पा?

आता डेसिबल, म्हणजेच डीबी. याला घाबरू नका, ही गुणाकाराची बेरीज करून ठेवायची सोय आहे. 3 डीबी म्हणजे दुप्पट, 10 म्हणजे दहापट, 20 म्हणजे शंभरपट, 30 म्हणजे हजारपट, अन् मायनस असलं की तेवढा भागाकार. एका मिलिवॅटच्या तुलनेत पॉवर मोजली की डीबीएम, म्हणून एक मिलिवॅट म्हणजे 0 डीबीएम. तुमच्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये -100 डीबीएम दिसते ना, तो एका मिलिवॅटचा हजार कोटीवा हिस्सा आहे, अन् तेवढ्यावरही फोन लागते, मला हे अजूनही नवलाचं वाटते.

हिशेब करून पाहू. पाच वॅट म्हणजे 37 डीबीएम. सेटपासून अँटेनापर्यंत साधी आरजी-58 जातीची केबल, 15 मीटर, 145 मेगाहर्ट्झवर जवळपास 3 डीबी खाते, म्हणजे अर्धी पॉवर केबलमध्येच गरम होऊन गेली, उरले 34. वर 6 डीबीआयचा अँटेना, झाले 40, म्हणजे त्या दिशेला दहा वॅटसारखं. सहा डीबीचे पैसे दिले अन् हाती तीनच आले! केबल आखूड ठेवा, चांगली घ्या, सांधे पावसापासून बांधा, अँटेनाच्या आधी हे.

आम्ही एकदा टेकडीवर 9 डीबीआयचा उभा, काठीसारखा अँटेना बसवला होता. दूरच्या गावांचा आवाज खणखणीत, अन् पायथ्याच्या गावातल्या दोस्ताचा तुटत तुटत. दोन दिवस आम्ही सेटच उघडून पाहत बसलो. दोष सेटचा नव्हता, उभ्या अँटेनाचा गेन वाढला की लहर चपटी होते, क्षितिजाकडे जाते, खालच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. कमी गेनचा लावला, दोघंही ऐकू आले.

छतावरचा टीव्हीचा काड्यांचा अँटेना आठवते? तो यागी-उदा, जपानच्या तोहोकू विद्यापीठातला, 1926 चा. तसाच एक मी बांधून आणला आहे, बाहेर लिंबाखाली ठेवला आहे. चला, एकानं तो हळूहळू फिरवा, मी पांदणीच्या टोकाला सेट घेऊन उभा राहतो, अन् दुसऱ्यानं मीटरचा आकडा मोठ्यानं वाचा.