गोड्या पाण्यातली लाकडी जहाजं

चांदोरीला गोदावरीचं पाणी उतरलं की पात्रातली देवळं उघडी पडतात आणि आपण नाशिककर ती बघायला जातो. दगड पाण्यात राहिला काय नि उन्हात आला काय, त्याचं फारसं बिघडत नाही. लाकडाचं तसं नसतं. आज मी लाकडाबद्दल बोलणार आहे.

अमेरिका-कॅनडाच्या सीमाभागात सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारिओ ही पाच सरोवरं आहेत. पाचांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. तिथली वादळंही समुद्राच्या तोडीची. धान्य, लाकूड, कोळसा वाहणारी कितीतरी शिडाची जहाजं त्यांनी बुडवली.

खाऱ्या पाण्यात तेरेडो नावाचा, शिंपल्यांच्या कुळातला एक प्राणी असतो. तो वाळवीसारखं लाकूड पोखरतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय खोल तळाशी बाराही महिने तापमान ४ अंशांच्या आसपास, त्यामुळे कुजवणारे जीवाणूही मंदावतात. ऑगस्ट १८१३ मध्ये ओंटारिओत अचानक सुटलेल्या वाऱ्याने उलटलेली 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' ही युद्धजहाजं १९७३ मध्ये सापडली, सुमारे ९० मीटर खोल. डोलकाठ्या उभ्या, तोफा जागच्या जागी!

असं काही दिसलं की ते वर काढायचा मोह होतो. १८४६ साली बांधलेलं 'ॲल्विन क्लार्क' १८६४ मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बेमध्ये बुडालं होतं. मासेमारीची जाळी अडकली म्हणून पाणबुडे खाली उतरले आणि त्यांना ते सापडलं. १९६९ मध्ये त्यांनी ते वर आणलं. आतला गाळ-पाणी काढल्यावर ते स्वतःच्या बळावर तरंगलं. शंभरहून अधिक वर्षं तळाशी पडलेलं जहाज! काठावरच्या लोकांना काय वाटलं असेल, याची मला आजही कल्पना करावीशी वाटते.

पण शंभर वर्षांत लाकडाच्या पेशी आतून पोखरल्या जातात आणि त्यांचा आकार टिकतो तो भरलेल्या पाण्यामुळे. ते पाणी उडून गेलं की पेशी दबतात, लाकूड आक्रसतं, चिरतं. स्वीडनने 'वासा' जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेव्हा पाण्याची जागा घेणारं मेणासारखं रसायन त्यावर १७ वर्षं फवारलं. 'ॲल्विन क्लार्क'साठी असा पैसा कुणीच उभा केला नाही. ते उघड्यावर कुजत राहिलं आणि १९९४ मध्ये मोडून टाकलं. पाणबुड्यांना मी दोष देणार नाही, त्यांचा जीव त्या जहाजात होता. पण जतनाची सोय हाताशी नसेल तर जहाज तळाशीच राहू द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

ह्यूरन सरोवरात थंडर बे इथे २००० सालापासून हेच धोरण आहे. बुडालेल्या जहाजांचं ते संरक्षित क्षेत्र आहे. पाणबुड्यांच्या होड्यांनी जहाजांवर नांगर टाकू नये म्हणून तिथे बांधून ठेवायला तरंगते बोये लावतात.

आता धोका आहे तो झेब्रा आणि क्वागा या शिंपल्यांचा. काळ्या समुद्राकडून आलेल्या जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्याबरोबर ते १९८० च्या दशकात इथे पोचले. लाकडावर त्यांचे थर चढतात, वजनाने फळ्या तुटतात, लोखंडी खिळे गंजतात. सुपीरियरच्या पाण्यात कॅल्शियम कमी, म्हणून तिथे ते फारसे वाढत नाहीत. बाकीच्या सरोवरांत मात्र संशोधकांना घाई आहे. जहाज शिंपल्यांखाली झाकून जाण्याआधी त्याची फळी न् फळी मोजायची आणि हजारो छायाचित्रं जोडून त्याची त्रिमितीय प्रतिकृती करायची, हे काम सध्या तिथे चालू आहे.