लिफ्ट उठत नाही, म्हणजे नेमकं काय?

जुना ट्रॅक्टर पुन्हा कामाला लावायचा म्हटलं, की दौंड-इंदापूरचा माणूस असो नाहीतर मावळातला, पहिली तक्रार एकच: मागचं औत उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट उठत नाही. लगेच पंप खोलू नका. पंप बसलाय कुठे आणि त्याला फिरवतंय कोण, हे आधी बघा.

1946 ते 1956 या काळात इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत बनलेला फर्ग्युसन टीई-20 आणि त्याच्यामागून आलेला मॅसी फर्ग्युसन 35, या दोघांत चार पिस्टनचा पंप मागच्या हाउसिंगमध्ये गिअरच्याच तेलात बुडालेला असतो आणि पीटीओ शाफ्टवर, म्हणजे मागच्या औजाराला ताकद देणाऱ्या दांड्यावर, चालतो. म्हणून पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला राहिला, तर इंजिन कितीही रेस करा, लिफ्ट हलणार नाही. टीई-20 मध्ये क्लच दाबला की पंपही थांबतो. 35 च्या डबल क्लचच्या मॉडेलात पेडल अर्धं दाबलं तर ट्रॅक्टर थांबतो, पंप चालू राहतो; पूर्ण दाबलं की दोन्ही बंद. इंटरनॅशनल बी-275 मध्ये पंपाला फिरवतं थेट इंजिन, त्यामुळे तिथे क्लचला दोष देण्यात अर्थ नाही.

फर्ग्युसनची खरी करामत कंट्रोल व्हॉल्व्हच्या, म्हणजे तेल सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेच्या, जागेत आहे. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला बसतो. न्यूट्रलला पंप फिरतो, पण तेल ओढत नाही. म्हणूनच यात 140 नंबरचं जाड तेल ओतलं, की थंडीच्या सकाळी पंप उपाशी राहतो आणि लिफ्ट कुंथत उठते. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच तेल घाला. ते दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. सगळं काढून टाका.

नांगर कडक थरात शिरला, की टॉप लिंक, म्हणजे औताला ट्रॅक्टरशी जोडणारा वरचा दांडा, पुढे ढकलली जाते, कंट्रोल स्प्रिंग दबते आणि व्हॉल्व्ह नांगर जरासा उचलतो. त्याच वेळी मागच्या चाकांवर वजन येतं. टीई-20 ची स्प्रिंग फक्त दाब ओळखते. हलकं औत टॉप लिंकला उलट मागे ओढतं, तेव्हा तिला काहीच कळत नाही. 35 मध्ये ती दोन्ही बाजूंनी काम करते, शिवाय पोझिशनचा, म्हणजे औत ठरावीक उंचीला धरण्याचा, लिव्हर वेगळा आहे. मात्र टॉप लिंकचा क्लेव्हिस, म्हणजे ती जोडायचा चिमटा, हाताने पुढे-मागे करून बघा. जराही खेळ लागला, तर ड्राफ्ट, म्हणजे ओढीप्रमाणे नांगर आपोआप वर-खाली होणं, नीट चालणार नाही. आधी तो खेळ काढा, मगच बाकीची ॲडजस्टमेंट.

उचललेलं औत दर काही सेकंदांनी मान डोलावल्यासारखं खाली-वर होत असेल, तर दाबाचं तेल कुठेतरी गळतंय. थोडं तेल काढा, औत उचला, त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे फटीसह ठेवा, इंजिन बंद करा. उजव्या बाजूचं झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बघा. सिलिंडरच्या तोंडातून तेल आलं तर पिस्टनची रिंग, उभ्या पाइपाच्या सांध्यातून आलं तर ओ-रिंग, पंपातून आलं तर त्याचे व्हॉल्व्ह. हात आत घालण्याआधी औत जमिनीवर टेकवा.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह गंजून अडकलेला सापडतो. डिझेलने भिजवून बोटांनी मोकळा करा. हातोडी आणि पॉलिश पेपर लांब ठेवा, कारण त्यावर पडलेली बारीकशी रेघही तेलाला वाट देते.