लिंबावर दिवा लावताना

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या तासगाव भागात जीआय तारेचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेचा, तुकडा हवा असला तर दुकानाची पायरी चढावी लागत नाही. कुठल्याही द्राक्षबागेच्या बांधावर वीतभर तुकडा पडलेला असतोच. तांब्याची तारही अवघड नाही. मोटारी भरून देणाऱ्याकडे जा. जळकं तांबं तो मोडीत घालतो, पण शाळेच्या पोराला दोन तुकडे द्यायला नाही म्हणत नाही. या दोन तारा, चार लिंबं आणि एक छोटा दिवा, एवढंच आज आपल्याला लागणार आहे.

दिवा कसा लागतो हे सांगण्याआधी तो कसा लागत नाही ते सांगतो. त्यात माझा अनुभव जास्त पक्का आहे.

नोकरीला लागून दुसरंच वर्ष. विज्ञान प्रदर्शनात मुलांकडून लिंबाची बॅटरी करून घेतली. स्टीलच्या ताटात चार लिंबं, प्रत्येकात एका बाजूला तांब्याची तार, दुसऱ्या बाजूला जस्ताचा मुलामा असलेला खिळा, आणि शेवटी टॉर्चचा बल्ब. पाहुणे आले, वाकून बघितलं. बल्ब ढिम्म. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, लिंबं वाळली असतील." लिंबं बिचारी रसरशीत होती. चुका माझ्या होत्या, आणि त्याही तीन.

पहिली म्हणजे, मोटारीच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. तार तांबूस, चकचकीत दिसते, पण वरून वीज आत-बाहेर जात नाही. तो थर पॉलिश पेपरनं घासून काढायचा. दुसरी चूक ताटाची. खिळ्यांची टोकं लिंबातून आरपार जाऊन स्टीलला टेकली होती. वीज दिव्याकडे जाण्याऐवजी ताटातूनच फिरत बसली. लिंबं लाकडी पाटावर ठेवा, एकमेकांपासून सुटी.

तिसरी चूक बल्बची, आणि ती समजायला मला बरेच दिवस लागले. ती आपल्या विहिरीच्या भाषेत सांगतो. मोटार पाणी किती उंच चढवते हे एक, आणि पाईपमधून किती पाणी पडतं हे दुसरं. एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. पहिल्या लिंबाचं तांबं दुसऱ्याच्या जस्ताला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, अशी साखळी केली की चार लिंबांचे साडेतीन व्होल्ट होतात. टॉर्चचा बल्ब अडीच व्होल्टचा. म्हणजे उंची भरपूर. पण पाणी? त्या बल्बला ३०० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, आणि आपलं लिंबू देतं जेमतेम एक मिलिअँपिअर, कधी तेवढाही नाही. पाटाला पाणी पाहिजे होतं आणि मी ठिबक सोडून बसलो होतो. तो बल्ब पेटवायचा तर लिंबाची पोतीच ओतावी लागतील.

म्हणून एलईडी घ्या, तोही लाल. त्याला १.८ व्होल्टच्या आसपास पुरतात आणि मिलिअँपिअरच्या अंशावरही तो मिणमिणतो. पांढऱ्याला तीनेक व्होल्ट लागतात, त्याच्या नादी पहिल्या दिवशी लागू नका. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे, आखूड पाय जस्ताकडे. उलटा लावला तर लागत नाही. लिंबं आधी तळहाताखाली दाबून लोळवा, म्हणजे आतल्या पाकळ्या फुटून रस मोकळा होतो. एकाच लिंबातले दोन्ही धातू एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत. खोलीत अंधार करा. डोळा सरावला की लाल ठिपका दिसतो.

आता, ही वीज लिंबातली आहे असं सगळेच म्हणतात. मीही वर्गात म्हणत होतो. तसं नाही. झिजतं ते जस्त. ते आंबट रसात विरघळतं, मागे इलेक्ट्रॉन सोडतं, आणि ते इलेक्ट्रॉन तारेनं दिव्यातून तांब्यापर्यंत जातात. तिथं आम्लातल्या हायड्रोजनशी गाठ पडून त्याचे बारीक बुडबुडे होतात. लिंबू म्हणजे फक्त वाट. इटलीच्या व्होल्टानं १८०० साली पहिली बॅटरी रचली, तीत फळ नव्हतंच. जस्ताच्या आणि दुसऱ्या धातूच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे होते.

त्यामुळे लिंबाऐवजी घोसातला एकेक कच्चा द्राक्षमणी घ्या, चिंचेचं पाणी घ्या, ताक घ्या. धातूंची जोडी तीच असली तर व्होल्ट फारसे बदलत नाहीत, प्रवाह बदलतो. बटाटा कच्च्यापेक्षा उकडलेला चांगला चालतो, कारण त्याच्या आतले पापुद्रे फुटलेले असतात. आमच्या घरी हे पाहून सौभाग्यवतींनी विचारलं होतं, "मग भाजीच्या कढईतच तारा सोडा की." कढई लोखंडाची आहे, एवढंच कारण मला तेव्हा सुचलं.

मुलांनो, तारा या लिंबातच. भिंतीवरच्या बोर्डाकडे एकही नेऊ नका.

दिवा तासाभरात मंदावला तर तांबं बाहेर काढून पुसा आणि परत खोचा, थोडा जीव येतो. मग रात्रभर तसंच ठेवा. सकाळी जीआय तार काढून बघा. रसात बुडालेल्या भागाची चकाकी गेलेली असेल, काळपट खरबरीत झाला असेल. ते गेलेलं जस्त लिंबात आहे, तेव्हा लिंबं सरबताला घेऊ नका. ती उकिरड्यावर.

नमस्कार.