पुलाच्या अलीकडचे मत

मित्रहो, मी न्यू जर्सीचा मतदार. अध्यक्षीय निवडणुकीत आमच्या राज्याने १९८८नंतर रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिलेला नाही, त्यामुळे दोन्ही पक्षांचे रणनीतीकार आमच्याकडे मते मागायला फिरकत नाहीत. देणग्या मागायला मात्र न चुकता येतात. लॅम्बर्टव्हिलहून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की न्यू होप, म्हणजे पेनसिल्व्हेनिया. तिथले लोक २०१६ साली प्रचाराच्या जाहिरातींनी आणि टपालातल्या पत्रकांनी वैतागले होते.

मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात एका मताने जरी आघाडी मिळाली तरी तिथली सर्व निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्ष ठरवणारी त्या राज्याच्या वाट्याची मते, त्या उमेदवाराच्या पदरात पडतात, आणि ५३८पैकी २७० मिळवणारा जिंकतो. मग पैसा, वेळ आणि माणसे अटीतटीच्या राज्यांतच ओतली जाणार, हे ओघाने आले.

त्या वर्षी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारासाठी मीही पूल ओलांडून घरोघर फिरलो. अखेरच्या टप्प्यात कोणाचे मन वळवायचे नसते, आपला मतदार मतदान केंद्रापर्यंत पोहोचवायचा असतो. म्हणून हातातल्या यादीत रस्त्यावरची मोजकीच घरे होती. यादीतल्या दोन घरांच्या मधल्या अंगणात एक गृहस्थ पाने गोळा करत होते. त्यांचे नाव यादीत नव्हते. मी हसून मान डोलावली आणि पुढे गेलो. पद्धत म्हणून ते बरोबरच होते, पण त्या गृहस्थांना आमचे म्हणणे सांगायचे कोणी आणि त्यांचे ऐकून घ्यायचे कोणी, हा प्रश्न आमच्या रणनीतीत बसतच नव्हता.

निकालानंतर क्लिंटन यांच्या पराभवाचे सगळे खापर विस्कॉन्सिनवर फोडले गेले. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीनंतर त्या त्या राज्यात गेल्याच नाहीत हे खरे, आणि ते अक्षम्यही होते. परंतु हे स्पष्टीकरण मला सोयीचे वाटते, कारण पेनसिल्व्हेनियात त्यांनी काहीच कमी केले नव्हते: मतदानाच्या आदल्या रात्री फिलाडेल्फियातल्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर ओबामा दांपत्यासह भव्य सभा झाली, तरीही ते राज्य ४४,२९२ मतांनी हातचे गेले. मिशिगन आणि विस्कॉन्सिन धरून तिन्ही राज्यांतला फरक ७८ हजारांच्या आत होता. देशभरात मात्र त्यांना सुमारे २९ लाख मते जास्त मिळाली होती. आमच्या न्यू जर्सीत आघाडी पाच लाखांहून अधिक होती, आणि त्यातल्या पहिल्या मतानंतरचे एकही कामी आले नाही.

डोनाल्ड ट्रम्प ऑक्टोबरमध्ये आमच्या एडिसनला येऊन गेले, हिंदू समाजाच्या कार्यक्रमाला. पुढे 'अब की बार ट्रम्प सरकार' ही जाहिरातही आली आणि आमच्याकडे तिची भरपूर थट्टा झाली. पण आपली दखल घेतली गेली याचे सुख तिला हसणाऱ्यांनाही झाले होते, हे मी जवळून पाहिले आहे.

देशभरातली एकूण मते ज्याला जास्त, त्यालाच आपली निर्वाचक मते द्यायची, अशा आंतरराज्यीय करारात न्यू जर्सी २००८मध्येच सामील झाले. करारातल्या राज्यांची मिळून २७० निर्वाचक मते झाल्याशिवाय तो लागू होत नाही. २०१६ साली पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन यांपैकी एकही राज्य त्यात नव्हते. दर चार वर्षांनी दोन्ही उमेदवार ज्यांच्या दारात उभे राहतात, ते हा मान आपणहून कशाला सोडतील?